कलकत्त्याच्या रस्त्यावर एक मराठी जोडपे



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या मनात लढाया, तह, सनदा आणि वंशावळी उभ्या राहतात. माझा आजचा विषय त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. एक नवरा आणि एक बायको नोकरीच्या निमित्ताने परक्या शहरी जातात, बिऱ्हाड लावतात, आणि संध्याकाळी शहर पाहावे म्हणून पायी बाहेर पडतात. घटना एवढीच. आज या सभेला आपल्यापैकी कितीतरी जोडपी अशीच चालत आली असतील. येताना वाटेत कोणी थांबवून ‘ही तुमची कोण?’ असे आपल्याला विचारले नसेल. पण सन १८८१ मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यावर हा प्रश्न विचारला जात होता, आणि ज्यांना तो विचारला गेला ते जोडपे आपल्या परिचयाचे आहे. ते म्हणजे गोपाळराव जोशी आणि त्यांची पत्नी आनंदीबाई.

आनंदीबाईंचे नाव घेतले की आपण एकदम १८८६ सालच्या मार्च महिन्यात, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात जाऊन बसतो. ते स्वाभाविकही आहे. पण अमेरिकेच्या त्या प्रवासाआधी या बाईने दुसरा एक प्रवास केला होता, आणि तो घराच्या उंबरठ्यापासून रस्त्याच्या टोकापर्यंतचा होता. अंतर थोडे, पण माझ्या मते अवघड तोच होता. बोट मनुष्याला समुद्रापार नेते, तीत आपल्याला बसून राहावे लागते एवढेच. रस्त्यावर मात्र प्रत्येक पाऊल स्वतःच टाकावे लागते, आणि तेही लोकांच्या डोळ्यांदेखत.

येथे एक शंका कोणी घेईल. महाराष्ट्रातल्या स्त्रिया काय पायी चालत नव्हत्या? अहो, महाराष्ट्रातली बाई जितकी चालली तितकी क्वचितच कोठली चालली असेल! नदीवर धुण्याला ती चालत गेली, शेतावर भाकरी घेऊन चालत गेली, डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत चालत गेली. आपल्याकडे उत्तरेसारखा पडदा नव्हता. ब्राह्मणाची सून देवळात कीर्तनाला जाई, हळदीकुंकवाला जाई, आणि तोंड झाकून जात नसे. मग गोपाळराव-आनंदीबाईंनी असे काय केले की लोकांनी तोंडात बोटे घालावी?

त्यांनी केले ते असे, की ती दोघे काही काम नसता हिंडली, आणि बरोबरीने हिंडली. आपल्या जुन्या रीतीत बाईच्या प्रत्येक चालण्याला एक कारण चिकटलेले असे. पाणी, धुणे, देव, माहेर, बाळंतपण, सुतक: यांपैकी काहीतरी एक असले की रस्ता मोकळा. नवऱ्याबरोबर जावयाचे झाले तरी नवरा पुढे आणि बायको दहा-वीस पावले मागे. मध्ये एखादे पोर किंवा गाठोडे असले तर अधिकच चांगले. वडीलधाऱ्यांदेखत दोघांनी एकमेकांशी बोलणे ही सुद्धा मर्यादा सोडल्याची खूण. आणि फिरावयास जाणे, हवा खाण्यास जाणे, ही कल्पनाच मुळी साहेबाबरोबर आलेली. ज्या चालण्याने काहीच साधावयाचे नाही असे चालणे पुरुषाच्या बाबतीत चैन ठरले, आणि बाईच्या बाबतीत चाळे. सावित्रीबाई फुले शाळेत जात असता त्यांच्या अंगावर शेण फेकले गेले. तेथे निदान भांडण शिक्षणाचे होते. येथे भांडण नुसत्या फेरफटक्याचे होते.

गोपाळराव हा मोठा चमत्कारिक मनुष्य. पोस्ट खात्यातला साधा कारकून, बिजवर, बायकोहून वयाने पुष्कळच मोठा. पण डोक्यात एक खूळ घेतलेला की बायकोला शिकवीन. लग्न ३१ मार्च १८७४ रोजी झाले. त्या दिवशी यमुनेची आनंदी झाली, आणि त्याच दिवशी तिला नऊ वर्षे पुरी झाली. पुढे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कच्छमधले भूज अशा बदल्या होत गेल्या. नातलगांपासून दूर गेल्याशिवाय हिचा अभ्यास व्हावयाचा नाही असे गोपाळरावांचे मत होते. ते खरेही होते. आजेसासू-चुलतसासूंच्या घरात रात्री दिवा लावून मुलीला इंग्रजी पाठ देणे ही गोष्ट त्या काळी चोरीसारखी होती.

पण गोपाळरावांचे चित्र नुसत्या सुधारकाच्या रंगाने रंगवले तर ते खोटे होईल. अमेरिकेतून आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात जुन्या दिवसांचा हिशेब मांडलेला आहे. दहाव्या वर्षी लाकडाने मारलेले, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तके अंगावर फेकलेली, सोडून जाण्याची धमकी दिलेली, चौदाव्या वर्षी आणखी तऱ्हेतऱ्हेच्या शिक्षा. हे सारे तिने त्यात शांतपणे लिहिले आहे आणि हे योग्य होते की अयोग्य असा प्रश्नही त्यालाच केला आहे. तेव्हा ही मुलगी नवऱ्याशेजारी रस्त्यावर चालू लागली ती प्रथम स्वखुशीने चालली असे मला म्हणवत नाही. तिला चालवले गेले. आपल्याला सोयीचा इतिहास हवा असतो, म्हणून आपण ही पत्रे बाजूला ठेवतो. मला स्वतःला या कथेतली खरी गोष्ट वेगळीच वाटते: जिला हाताला धरून रस्त्यावर आणले, तिनेच पुढे त्या रस्त्याची मालकी घेतली. ती कशी, हे कलकत्त्यात दिसते.

मुंबईत असताना आनंदीबाई मिशनच्या शाळेत जात. पुस्तके घेऊन रस्त्याने निघालेली एवढी मोठी लग्न झालेली मुलगी पाहून लोक गोळा होत, फिदीफिदी हसत. ओटीवर बसलेली प्रतिष्ठित मंडळीही टोमणे मारीत आणि खडे फेकावयास लाजत नसत. दुकानदार तिला पाहून थुंकत. हे मी पदरचे सांगत नाही. तिने स्वतः भर सभेत सांगितलेले आहे. त्या सभेकडे आपल्याला शेवटी यावयाचे आहे.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र लिहिले होते. ते अमेरिकेतील एका मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या नजरेस दंतवैद्याच्या दिवाणखान्यात बसल्या असता पडले. त्यातून दोन अनोळखी स्त्रियांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे १८८१ च्या एप्रिलमध्ये गोपाळरावांची बदली कलकत्त्यास झाली. आनंदीबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. एक मूल होऊन अवघ्या दहा दिवसांत गेलेले. ते दुःख उराशी होते, आणि डॉक्टरीण होण्याचा विचार त्यातूनच आलेला.

त्या काळचे कलकत्ता म्हणजे हिंदुस्थानची राजधानी. मुंबईहून तेथे जाणारा रेल्वेचा मार्ग १८७० साली जबलपुरास सांधला गेला होता. नागपुरावरून जाणारा सरळ रस्ता तेव्हा व्हावयाचा होता. म्हणजे जबलपूर-अलाहाबादेकडून वळसा घालून अडीच-तीन दिवसांचा प्रवास. हावड्यास गाडी थांबली की समोर हुगळीचे विस्तीर्ण पात्र, आणि त्यावर १८७४ साली खुला झालेला तरंगता पूल. आज आपल्याला चित्रात दिसतो तो लोखंडी पूल १९४३ चा. तेव्हाचा पूल नौकांवर ठेवलेला होता. लांबी सुमारे पंधराशे फूट. मोठी जहाजे जावयाची असली म्हणजे मधला भाग काढून घेत आणि माणसे, बैलगाड्या, हमाल सारे दोन्ही तीरांवर खोळंबून राहत. दोन्ही बाजूंना पायी चालणारांसाठी सात-सात फुटांच्या पदपथांची सोय होती. शहर पायी पाहावयाचे तर त्याचा आरंभ या पदपथावरूनच होई.

पूल ओलांडला की उजव्या हाताला नदीच्या काठाने स्ट्रँड रस्ता दक्षिणेकडे जातो. या रस्त्याची एक मौज सांगण्यासारखी आहे. गेल्याच्या मागल्या शतकात कलकत्त्यात सोडतीची तिकिटे विकून शहरसुधारणेचा पैसा उभा करीत. त्यासाठी लॉटरी कमिटी नावाची एक कमिटीच होती, आणि स्ट्रँड रस्ता तिच्याच खटपटीने झाला. जुगाराच्या पैशाने बांधलेल्या रस्त्यावर पुढे सभ्यतेचे एवढे नियम लागू व्हावे हा एक गमतीचा भाग. असो. रस्त्याने थोडे पुढे जाऊन डावीकडे वळले की लालदिघीचा तलाव, आणि त्याच्या काठी घुमटाचे नवे जनरल पोस्ट ऑफिस, १८६८ साली पुरे झालेले. इंग्रजांचा पहिला किल्ला याच जागी होता. पोस्टातल्या कारकुनाला परक्या शहरात ओळखीची वाटावी अशी एवढीच एक इमारत. तेथून दक्षिणेस लाटसाहेबाचा वाडा, नवे हायकोर्ट, ईडन बाग आणि तिच्यात ब्रह्मदेशातून उचलून आणलेला पॅगोडा. त्याच्यापलीकडे मैदान. प्लासीनंतर नवा किल्ला बांधला तेव्हा तोफांच्या माऱ्याला आड काही येऊ नये म्हणून झाडे व वस्ती काढून टाकून हे मैदान मोकळे केलेले होते. तोफांसाठी मोकळी केलेली जागा पुढे हवा खाण्याची झाली. संध्याकाळी तेथे साहेब आणि मडमा गाड्यांतून व पायी हिंडत, बागेत बँड वाजे.

आणि या साऱ्या शोभेत हिंदू घरची बाई कोठे होती? ती होती मेण्यात. कलकत्त्याच्या भद्र घरांतील स्त्रियांचा पडदा असा कडक होता की आपल्याकडच्या माणसाला प्रथम खरे वाटत नाही. गंगास्नानाला जावयाचे तर बंद मेणा भोयांनी नदीपर्यंत न्यावा, आणि आत बसलेल्या बाईसकट तो पाण्यात बुडवून वर काढावा. बाईला पुण्य लागले. गंगा मात्र दिसली नाही. रवींद्रनाथ ठाकुरांच्या घराण्यातही ही रीत होती. रस्त्यावर उघड्या तोंडाने दिसणाऱ्या बायका त्या शहरात होत्या, पण त्या मोलकरणी, कोळिणी, किंवा मग चितपूर रस्त्याच्या आसपासच्या वस्तीतल्या. नीटनेटके लुगडे नेसलेली, कुंकू लावलेली, पदर डोक्यावर असो नसो पण तोंड उघडे असलेली, आणि पुरुषाच्या शेजारी चालणारी अशी बाई त्या शहराच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

वस्त्राचीच गोष्ट पाहा. आपल्या बायकांचे नऊवारी लुगडे आणि चोळी हा पोशाख शेतात, देवळात, घोड्यावर सुद्धा चालणारा. बाई बाहेर पडणार हे गृहीत धरून तो घडलेला आहे. कलकत्त्याच्या अंतःपुरातील स्त्रिया एक तलम साडी तेवढी अंगाभोवती गुंडाळीत; आत चोळी नाही, परकर नाही. बाहेर जाण्याचा प्रसंगच येत नसल्यामुळे बाहेरचा पोशाखच तयार झाला नव्हता. समाज आपल्या स्त्रियांविषयी काय ठरवून बसला आहे हे धर्मशास्त्राच्या पोथीपेक्षा शिंप्याच्या दुकानात लवकर कळते.

या संदर्भात दुसऱ्या एका जोडप्याची आठवण केल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण त्यांचा प्रवास याच्या बरोबर उलट दिशेने झाला. सत्येंद्रनाथ ठाकूर हे सिव्हिल सर्व्हिसमध्ये शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८६४ साली त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, आणि पत्नी ज्ञानदानंदिनी हिला त्यांनी बरोबर आणावयाचे ठरवले. घरातूनच गाडीत बसून धक्क्यावर जाऊ या, ही त्यांची सूचना वडील देवेंद्रनाथांना मानवली नाही. घरची सून बाहेरच्या चौकातून चालत जाऊन गाडीत बसणार हे कसे शोभावे? शेवटी तिला पालखीत घालून जहाजापर्यंत पोचवले. पोशाखाचा प्रश्न होताच. फ्रेंच दुकानातून एक विचित्र ‘पौर्वात्य’ पोशाख शिवून घ्यावा लागला. मुंबईत ती दोघे माणकजी करसेटजी या पारशी सुधारकांच्या घरी राहिली. तेथे सुशिक्षित मुली उजळ माथ्याने पाहुण्यांशी बोलत होत्या. ज्ञानदानंदिनीबाईंनी पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत पाहून उचलली, थोडी बदलली, आणि पुढे बंगालात तीच ब्राह्म स्त्रियांची रीत झाली. १८६६ साली कलकत्त्यास परतल्यावर ती लाटसाहेबाच्या वाड्यातील मेजवानीस गेली, तेव्हा आपल्या घराण्याची सून चारचौघांत आलेली पाहून प्रसन्नकुमार ठाकूर लाजेने व रागाने तेथून निघून गेले. पुढे तिचे दीर ज्योतिरिंद्रनाथ हे तर पत्नी कादंबरीदेवी हिला घोड्यावर बसवून बरोबर मैदानात रपेटीला नेऊ लागले.

म्हणजे कलकत्त्यात सुधारणा नव्हती असे मुळीच नाही. उलट, बेथ्यून शाळा १८४९ पासून चालू होती. आणि आनंदीबाई त्या इलाख्यात होत्या तेव्हाच, १८८३ साली, कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी तेथल्या विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. याला जोडून आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १८७८ साली रमाबाई डोंगरे ही आपल्या भावाबरोबर, हजारो मैलांची पायपीट करून, कलकत्त्यास आली होती. आणि तेथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. त्याच शहरात तीन वर्षांनी दुसरी मराठी मुलगी आली, तर तिला रस्त्यात अडवून कूळ विचारू लागले! व्यासपीठावरच्या बाईचा गौरव करणे तुलनेने सोपे असते. ती संस्कृतात बोलते, लोक टाळ्या देतात, ती निघून जाते. रस्त्यावरची बाई रोज संध्याकाळी दिसते, आणि उद्या आपल्या घरची बाई तशी दिसेल की काय अशी धास्ती वाटू लागते.

ठाकुरांच्या आणि जोश्यांच्या गोष्टीत एक मोठा भेद आहे, आणि तो पैशाचा आहे. ठाकुरांकडे गाड्या होत्या, घोडे होते, लाटसाहेबाचे आमंत्रण होते. घोड्यावर बसलेल्या श्रीमंताच्या सुनेकडे लोक आ वासून पाहतील, मागाहून बडबडतील, पण लगाम धरून तिची जात विचारणार नाहीत. पोस्टातल्या कारकुनाला गाडी परवडत नाही. तो शहर पाहणार ते पायांनी, आणि त्याच्या बायकोला दाखवणार तेही पायांनी. पायी चालणाराला कोणीही थांबवू शकतो. पुढे पाचेक वर्षांनी न्यायमूर्ती रानडे सरकारी कमिटीच्या कामासाठी सपत्नीक कलकत्त्यास राहिले होते. हजामाकडून दाढी करून घेता घेता रावसाहेब बंगाली शिकत असत, आणि रमाबाईंना आतून वाटले की कोणी मोठा मनुष्य भेटीस आला आहे, ही हकीकत रमाबाईंच्या आठवणींत आहे. वसंतातल्या या व्याख्यानांचा पायंडा पुण्यात १८७५ साली ज्यांनी पाडला ते हेच रानडे. त्यांना परक्या शहराची भाषा हजामाकडून शिकण्यात कमीपणा वाटला नाही. पण रानड्यांना हुद्दा होता. हुद्द्याच्या माणसाला रस्त्यात कोणी ‘तुमच्याबरोबर ही कोण?’ म्हणत नाही.

आता स्वतः आनंदीबाईंनी काय पाहिले ते ऐका. स्ट्रँडवर फिरावयास गेले असता इंग्रज माझ्याकडे टक लावून पाहण्याचे धाडस करीत नाहीत, गोरे शिपाईही त्रास देत नाहीत; पण बाबू लोक मात्र थट्टा करतात, आणि तू कोण, तुझी जात कोणती, कोठून आलीस, कोठे चाललीस असे प्रश्न करतात; परक्या माणसाने असे प्रश्न करू नयेत असे मला वाटते. हा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. ही विवाहिता की विधवा, की कोणी वाईट चालीची, की जातीबाहेर टाकलेली, याचा काथ्याकूट सुशिक्षित मंडळीही करीत. यात गोऱ्या शिपायाला दिलेले प्रशस्तिपत्र काही जणांना रुचणार नाही. मलाही ते सर्वस्वी खरे वाटत नाही. परक्या बाईकडे पाहण्याची शिपायांची तऱ्हा काय असते हे इतिहासाला ठाऊक आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला जे अनुभवास आले ते तिने सांगितले, आणि आपलेच लोक आपल्याला अधिक परके वाटले हे तिचे दुःख त्यात आहे. मुंबईच्या ओटीवरून खडे फेकणारे आपले, आणि कलकत्त्यात जात विचारणारे तेही आपलेच.

बंगाल्यांना मराठी माणसाविषयी एक जुनी धास्ती होती, तीही येथे सांगून टाकतो. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. तीन मैल खणून झाला तोवर मराठे काही आले नाहीत, आणि काम तसेच राहिले. त्या खंदकाचे नाव मराठा डिच. १७९९ साली तो बराचसा बुजवून त्याच्यावर सर्क्युलर रोड केला. बागबाजारात एका गल्लीला त्याचे नाव राहिले आहे. बंगाली आया ‘बर्गी’ आले म्हणून मुलांना निजवीत, हे तर सर्वश्रुतच आहे. ज्यांच्या भीतीने एके काळी तीन मैल खंदक खणला, त्यांच्या मुलखातली ही एक सडपातळ मुलगी नवऱ्याबरोबर त्याच शहरात फिरू लागली, तर एवढे मोठे शहर बुचकळ्यात पडले.

कलकत्त्याची हवा आनंदीबाईंना मानवली नाही. ताप आणि डोकेदुखी यांनी त्या बेजार झाल्या. नंतर बराकपूर आणि तेथून नदीपलीकडचे श्रीरामपूर असे त्यांचे बिऱ्हाड हलले. श्रीरामपूर हे १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या राजाचे गाव. तेथे मराठी माणसाने क्षणभर थांबावे असे एक स्थळ आहे. विल्यम केरीने आपल्या छापखान्यात १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मोडी टाईपात मराठीचा कोश छापला, तो याच गावी. त्याला मदत होती वैजनाथशास्त्री या पंडिताची. आपल्या भाषेचा पहिला छापील संसार आपल्यापासून हजार मैलांवर, हुगळीच्या काठी मांडला गेला. केरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली तेथे एक कॉलेज काढले. त्या कॉलेजच्या दिवाणखान्यात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई जोशी व्याख्यानास उभ्या राहिल्या.

व्याख्यान इंग्रजीत होते. अमेरिकेला जाण्याचा बेत जाहीर झाल्यापासून हिंदू, ख्रिस्ती, ओळखीचे, बिनओळखीचे असे सारेच त्यांना प्रश्न विचारू लागले होते. कोण जाणे कोणत्या धैर्याने, पण या अठरा वर्षे पुरी न झालेल्या मुलीने ठरवले की घरोघर उत्तरे देत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच बोलावावे. तिने सहा प्रश्न काढले: अमेरिकेस का जाता? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत काय? काही संकट आले तर काय कराल? आणि कोणत्याही बाईने आजवर केले नाही ते तुम्हीच का करावे? रस्त्यावरच्या थट्टेच्या साऱ्या हकीकती, मुंबईचे खडे आणि स्ट्रँडवरचे बाबू, या भाषणात आले आहेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आले आहेत, हे महत्त्वाचे. येथे शिकण्याची सोय का नाही, असे विचारता? शाळेपर्यंत चालत जाण्याची सोय नाही म्हणून! इतके रोखठोक उत्तर त्या काळच्या एखाद्या पुरुष सुधारकानेही दिलेले मला आढळले नाही.

या सभेत ती कोणाच्या हाताला धरून उभी नव्हती. दहाव्या वर्षी मार खाऊन धडा म्हणणारी मुलगी आणि ही वक्ती, यांच्यामध्ये अवघी सात-आठ वर्षे गेली होती. रस्त्यावर जे प्रश्न तिच्या नवऱ्याला विचारले जात, त्यांची उत्तरे ती आता स्वतः देत होती. हे भाषण पुढे वर्तमानपत्रांतून गाजले. पोस्ट खात्यातील वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांनीही वर्गणी जमवून तिला साह्य केले. तिने स्वतः आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या.

त्या सहा प्रश्नांतला तिसरा पुन्हा पाहा. एकट्या का जाता? दोन वर्षांपूर्वी ही नवऱ्याबरोबर फिरते म्हणून ज्या लोकांना शरम वाटत होती, त्याच लोकांना आता ही नवऱ्याला सोडून जाते याची काळजी वाटू लागली. आनंदीबाईंनी त्याचे उत्तर अगदी साध्या हिशेबाने दिले. प्रथम दोघांनी मिळून जावे असा बेत होता. पण घरी म्हातारी माणसे आहेत, दीर लहान आहेत, त्यांचे पोट गोपाळरावांच्या पगारावर चालते, आणि दोघांच्या भाड्याइतका पैसा नाही. आम्ही दोघे गेलो तर मागच्यांनी खावे काय?

७ एप्रिल १८८३ रोजी ‘सिटी ऑफ कलकत्ता’ ही बोट धक्का सोडून निघाली. आनंदीबाई मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने तीत होत्या. गोपाळराव मागे नोकरीवर राहिले. बोट ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. तेथे उतरवून घ्यावयास श्रीमती कार्पेंटर आल्या होत्या.